बाईंचं कुंपण

न्यूझीलंडमध्ये वाळवंट आहे, हे मी पहिल्यांदा घरात सांगितलं तेव्हा कोणाचा विश्वास बसला नाही. खरं म्हणजे माझाही पुरता बसला नव्हता.

तेव्हा मी शिष्यवृत्तीवर ऑकलंडच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकत होते आणि माउंट रॉस्किलला एका मराठी जोडप्याच्या घरात मागची खोली भाड्याने घेऊन राहत होते. दोघंही पुण्याचे, दोघंही आयटीतले. मी त्यांना ताई आणि दादा म्हणायची. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. घरी फोन करायचा तर कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे किराण्याच्या दुकानातून, फोनकार्ड आणावं लागायचं.

"वाळवंट?" ताई पोळी लाटता लाटता थांबली. "आम्हाला एजंटने फोटो दाखवले त्यात हिरव्याशिवाय रंगच नव्हता."

"साउथ आयलंडमध्ये आहे. अगदी मधोमध. डोंगर पाऊस अडवतात, त्यामुळे तिथे फार कमी पडतो."

"आणि तिथे जाऊन तू करणार काय?"

"गवत बघायचंय."

दादाने लॅपटॉपमधून मान वर केली नाही. इथल्या लोकांच्या बोलीत म्हणाला, "गवत बघायला वाळवंटात. स्वीट ॲज. आणि मागच्या अंगणात हीप्स, ढीगभर, गवत वाढलंय ते कोण बघणार?"

गणपती जवळ आले होते. ताईने मला लगेच कामाला लावलं. "तू गवताची ना? मग यंदा दूर्वा तू आणायच्या. गेल्या वर्षी ह्याने कसलं तरी जाडंभरडं गवत खुडून आणलं, बाप्पाने कसं खपवून घेतलं कोण जाणे." मी डेअरीच्या मागे फूटपाथच्या कडेला उकिडवी बसून तीन पानांचे तुरे शोधले. येणारे-जाणारे बघत होते. आपल्या दूर्वा इथे तण म्हणून ओळखल्या जातात, हे मी ताईला सांगितलं नाही.

बाबांना फोन केला. बाबा एसटीच्या आगारात टायरच्या विभागात होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. मी काय शिकते हे त्यांना चारचौघांत सांगावं लागायचं, म्हणून ते मला नीट विचारून घ्यायचे.

"गवताचा अभ्यास म्हणजे पिकाचाच ना?"

"नाही बाबा. नको असलेल्या गवताचा."

बाबा म्हणाले, "नको आहे तर उपटायचं. त्याला एवढं लांब जाऊन शिकायचं काय?"

मी फोन आटोपता घेतला. कार्डावरची मिनिटं संपत आली होती हे एक कारण झालं. दुसरं कारण असं की मला ते तेव्हा खरोखरच माहीत नव्हतं.

*

काम असं होतं. दक्षिणेकडच्या एका संस्थेत एक शास्त्रज्ञ बाई होत्या. त्यांना वसंतातल्या, म्हणजे तिकडच्या सप्टेंबरमधल्या, सुट्टीत मदतीला एक विद्यार्थी हवा होता. आमच्या वर्गातल्या बाकीच्यांना सुट्टी सुट्टीसारखी घालवायची होती, आणि मला नाही म्हणता येत नाही. त्यामुळे मी गेले.

विमानतळावर त्या यूट घेऊन आल्या होत्या, मागे उघडा हौदा असलेली गाडी. हौद्यात लोखंडी चौकटी, ताडपत्री, चहाचे फ्लास्क. बाई उंच, पन्नाशी ओलांडलेल्या, नाक उन्हाने सोललेलं, डोक्यावर विणलेली निळी टोपी. त्यांनी हात पुढे केला, आपलं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "मला नावानेच हाक मार."

ते मला जमेना. ज्यांच्याकडून शिकायचं, त्यातून वयाने आईपेक्षाही मोठ्या, त्यांना नुसत्या नावाने? आडनाव लावून हाक मारली की त्या हसायच्या. मग मी हाक मारणंच सोडलं. काही विचारायचं असलं की समोर जाऊन उभी राहायची आणि त्यांचं लक्ष जाईपर्यंत थांबायची. मनात मात्र मी त्यांना बाई म्हणत असे. शाळेत आम्ही शिकवणाऱ्यांना बाईच म्हणायचो. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत झालं, पण आता ते मला मराठीतच आठवतं, म्हणून तसंच लिहिते.

गाडी डोंगरांच्या आत शिरली तशी हिरवळ मागे पडत गेली. बदामी रंगाचे उघडे डोंगर, त्यातून वर आलेले काळपट खडक, मधूनच पांढरी खारवट जमीन. माझं गाव सोलापूर जिल्ह्यातल्या कमी पावसाच्या भागातलं. ऑकलंडमध्ये इतके महिने राहून जे वाटलं नव्हतं ते इथे वाटलं. ही जमीन मला ओळखीची होती. थंडी तेवढी परकी होती. सकाळी खडकांवर गोठलेल्या दंवाचा पांढरा थर असायचा.

बाईंनी उतारावर गाडी थांबवली. मी खाली पाय ठेवला आणि ओव्याचा वास आला. आईने तव्यावर ओवा टाकावा तसा. मी वाकून बघितलं. बारीक पानांची बुटकी झुडपं सगळ्या उतारावर पसरली होती.

"तेही बाहेरचंच," बाई म्हणाल्या. "सोनं शोधायला आलेल्या लोकांनी स्वयंपाकासाठी आणलं असं म्हणतात. सोनं संपलं, माणसं गेली. हे राहिलं."

मग त्यांनी मला ते गवत दाखवलं, ज्याच्यासाठी मी आले होते.

दिसायला अगदी साधं. कोवळं असताना मऊ, लवदार. एका वर्षाचंच आयुष्य. शरद ऋतूत उगवायचं, वसंतात वाढायचं, उन्हाळा लागला की झुकलेली जांभळट कणसं टाकून वाळून जायचं. प्रत्येक बियाला लांब कुसळ. अमेरिकेतल्या वाळवंटांत या गवताने काय केलं ते मी वाचलं होतं. तिथे झुडपांच्या मधली मोकळी जमीन त्याने भरून टाकली, वाळल्यावर ते पेटलं, आणि जळलेल्या जमिनीवर पुन्हा तेच पहिलं उगवलं. आता प्रश्न असा होता की इथल्या वाळवंटात ते तसंच करील का. त्याचं उत्तर बाईंनी सरकारी खात्याला त्याच वसंतात द्यायचं होतं.

पण बाईंच्या मनात दुसरंच काही होतं. ते त्यांनी मला पहिल्या दिवशी दाखवलं नाही; शोधूनही सापडलं नाही, म्हणून दाखवता आलंच नाही. नदीच्या वरच्या अंगाला एक सपाट माळ होता आणि त्या माळावर जाळीचं चौकोनी कुंपण होतं. आत एक वनस्पती राहत होती. सगळी वनस्पती मिळून माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी, म्हणून मी तिला मनात छोटी म्हणायची. वसंतात काही आठवडे उगवायची, मोहरीएवढं पिवळं फूल यायचं, काटेरी बी धरायचं आणि ती नाहीशी व्हायची. तिला मोकळी, उघडी जमीन लागायची. आजूबाजूला उंच काही आलं की ती संपली. जगात ती फार थोड्या ठिकाणी उरली होती, आणि त्या खोऱ्यातली तिची शेवटची चांगली जागा म्हणजे हा माळ. बाई तरुण असताना त्यांनी इथे सशांनी आणि मेंढ्यांनी तिला कुरतडलेलं पाहिलं. त्यांनी अहवाल लिहिला, खात्याचे उंबरे झिजवले, जमिनीच्या मालकाची समजूत घातली आणि हे कुंपण उभं केलं. तेव्हा मी शाळेत होते.

आता खात्याचा प्रस्ताव होता की हेच कुंपण वाढवून सगळा माळ बंद करायचा. मेंढ्या हे गवत पसरवतात, मेंढ्या त्या छोटीला खातात, तेव्हा मेंढ्या बाहेर. बाईंनी गवताला मोठा धोका म्हटलं की काम सुरू होणार होतं.

*

पहिले दोन दिवस आम्ही कुंपणाच्या आत गुडघ्यांवर होतो. लोखंडी चौकट जमिनीवर ठेवायची आणि आतली प्रत्येक गोष्ट बघायची. बाई चौकटीपाशी चक्क पोटावर आडव्या व्हायच्या. मी आधी लाजले, मग मीही आडवी झाले. जमिनीला नाक लावून बघितलं की तिथे एक वेगळाच मुलूख असतो, शेवाळ, कोळ्याचं जाळं, दगडाच्या फटीतलं पान. छोटी मात्र दिसत नव्हती. मागच्या उन्हाळ्यातलं वाळलेलं गवत आडवं पडून जमिनीवर जाड चटई झाली होती आणि तिच्यातून नवं हिरवं गवत दाटीने वर आलं होतं. कुठेतरी कोपऱ्यात एखादी छोटी सापडायची, लांब, फिकट, उजेडासाठी मान वर केलेली.

जमिनीचा मालक रोज चारचाकी मोटारसायकलवरून फेरी मारायचा. सत्तरीचा मेंढीवाला. त्याच्या मेरिनो मेंढ्या बाहेर माळभर चरत असायच्या, विण्याच्या बेतात आलेल्या. माळ बंद झाला तर त्यांना वसंतात दुसरी कोरडी, उबदार जागा नव्हती. पण तो त्याबद्दल बोलायचा नाही. कुंपणाच्या खांबाला टेकून म्हणायचा,

"काय डॉक, बागेत यंदा काय पिकलंय?"

"तुझं गवत," बाई म्हणायच्या.

"माझं? माझ्या बाजूला तर खायला मिळत नाही मेंढ्यांना. तूच वाढवतेस आत गुपचूप." मग माझ्याकडे बघून, "पोरी, हिने तुला खायला दिलं का? ही चहावर जगते." आणि पिशवीतून चीज घातलेले स्कोन, छोटे खारे पाव, काढून द्यायचा. तो गेला की बाई पुन्हा आडव्या व्हायच्या. त्या दोन दिवसांत त्यांचं बोलणं कमी कमी होत गेलं.

माझ्या पायात त्यांनी दिलेले गमबूट होते, एक माप मोठे. तिसऱ्या दिवशी टाचा इतक्या सोलल्या की मी माझे कॅनव्हासचे बूट आणि लोकरीचे मोजे घालून गेले. दुपारी कुंपणातून बाहेर आले तेव्हा मोज्यांवर मागच्या उन्हाळ्यातल्या वाळक्या गवताची कुसळंच कुसळं. मी फाटकाबाहेर जमिनीवर बसले आणि ती काढायला लागले.

आमच्याकडे डोंगरावर कुसळी गवत असतं. रानातून आलं की उंबऱ्याबाहेर बसायचं, परकराला लागलेली कुसळं एकेक उपटायची आणि बाजूला उडवायची. हात आपोआप चालतात, तोंडाने गप्पा चालू असतात. मी तेच करत होते.

"थांब!" बाई ओरडल्या. "ती कुठे टाकतेस?"

माझा हात हवेत राहिला.

त्यांनी फाटकाच्या खांबाला अडकवलेला बिस्किटांचा रिकामा डबा दाखवला. रोज तिथेच बसून त्या आपल्या मोज्यांतलं बी त्या डब्यात टाकत होत्या. गमबुटांमुळे मला त्याची गरज पडली नव्हती आणि मी विचारलंही नव्हतं. "बी आहे ते," त्या म्हणाल्या. "तू आत्ता नवी वसाहत स्थापन केलीस." रागावल्या नव्हत्या. उलट हसू दाबत होत्या. "चल, शोधू या. तुझा हात कुठवर पोचतो?"

मग आम्ही दोघी फाटकाबाहेर हातापायांवर रांगत, मी उडवलेली कुसळं शोधायला लागलो. ती जागा मेंढ्यांनी तुडवून अगदी उघडी केली होती. लेंड्या, खडे, वाळलेल्या चिखलात खुरांचे ठसे. मेंढ्या लांब उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या.

एका खुराच्या ठशात मला काहीतरी पिवळं दिसलं.

मी आणखी वाकले. वाटलं, मी चुकीचं ओळखतेय. आतमध्ये तीन दिवस शोधून जे इतकं कमी मिळालं ते इथे, लेंडीच्या शेजारी, कसं असेल? शिवाय हेही वाटलं की हे बोलायचं म्हणजे कोणाला बोलायचं. ज्यांनी ते कुंपण घातलं त्यांनाच. मी तिथेच वाकून राहिले. बाईंचं लक्ष गेलं.

"सापडलं का बी?"

"नाही," मी म्हटलं. "इथे… मला नक्की माहीत नाही. तुम्ही बघा."

त्या आल्या, आडव्या झाल्या, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ हलल्या नाहीत. मला त्यांची फक्त निळी टोपी दिसत होती. मला वाटलं आता वाईट होणार. इतक्या वर्षांचं काम, आणि मी कोण कुठली, मोज्यातली कुसळं उडवणारी.

त्यांनी भिंग माझ्यापुढे धरलं. चेहऱ्यावर हसू होतं, लहान मुलीचं असावं तसं.

"बघ तर," त्या म्हणाल्या. "किती मजेत आहे हे!"

मी बघितलं. आतल्यासारखी लांब, फिकट नव्हती. जमिनीला चिकटलेली, बुटकी, दणकट. भिंगातून फूल सूर्यफुलाएवढं दिसत होतं.

*

मला वाटलं होतं आता निकाल लागला. बाईंना तसं वाटलं नाही. पुढचे सगळे दिवस आम्ही कुंपणाबाहेर घालवले. मेंढ्यांच्या वाटा, त्यांच्यासाठी ठेवलेल्या मिठाच्या ढेपेभोवतीची जमीन, खडकाच्या आडोशाची त्यांची बसायची जागा, सशांनी उकरलेली माती. छोटी सगळीकडे नव्हती. पण जिथे जमीन उघडी होती आणि गवताला बूड धरू दिलेलं नव्हतं तिथे ती भेटत होती. आम्ही तिला तिथे कधी शोधलंच नव्हतं. तिची जागा कुंपणात आहे हे सगळ्यांना माहीत होतं ना.

दुपारी यूटच्या मागच्या फळीवर बसून सँडविच खाताना बाई म्हणाल्या, "आता तू माझ्या विरुद्ध बोल."

"म्हणजे?"

"मला वाटायला लागलंय की कुंपणानेच तिला मारलं. मेंढ्या बंद केल्या म्हणून गवत माजलं. आता मला खोटं पाड."

मी आयुष्यात शिकवणाऱ्या माणसाच्या विरुद्ध बोलले नव्हते. आमच्याकडे शंका विचारायची तरी हात वर करून, उभं राहून. मी सँडविचकडे बघत बसले.

"मला नाही येत."

"बरं. मग माझ्या विरुद्ध नको बोलूस. कुंपणाच्या बाजूने बोल. बिचाऱ्याला कोणीतरी वकील हवा."

हे मला जरा सोपं वाटलं. मी विचार केला. मग अडखळत म्हटलं, "तुम्ही कुंपण घातलं तेव्हा ससे फार होते. तेव्हा ते नसतं तर कदाचित एकही उरली नसती. बाहेर आज ज्या दिसतात त्यांचं बी आतूनच गेलेलं असेल. काटेरी असतं. जाळीला लोकर घासली की चिकटत असेल."

बाईंनी खाणं थांबवलं. मला वाटलं मी काहीतरी भलतंच बोलले.

"हे मला सुचलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "खरंही असू शकेल. नसूही शकेल. पण सांगायला हवं." आणि त्यांनी फ्लास्कमधला चहा आधी मला ओतला.

एवढंच झालं. पण आमच्या घरातल्या कोणाच्याही म्हणण्यामुळे शिकलेल्या माणसाने आपला विचार थांबवून पुन्हा केला असेल, असं मला आठवत नाही.

*

मी निघायच्या आदल्या दिवशी लोकर कातरायच्या शेडमध्ये बैठक झाली. खात्याचा अधिकारी आला होता, तरुण, शर्टाला इस्त्री, नम्र. मालक होता, दाराशी त्याचा कुत्रा. आणि आम्ही दोघी. शेडमध्ये लोकरीचा तेलकट वास होता. अधिकाऱ्याने सगळ्या माळाचा नकाशा टेबलावर पसरला. नव्या कुंपणाची लाल रेघ त्यावर आधीच ओढलेली होती.

बाई काय सांगणार ते मला माहीत होतं. इतकी वर्षं "बाग, बाग" म्हणून चिडवणाऱ्या माणसासमोर ते सांगायचं होतं. न सांगता सुटण्याची वाटही उघडी होती. गवत वाईट आहे हे खरंच होतं. तेवढंच बोलून त्या थांबल्या असत्या तर कोणी काही विचारलं नसतं. माळ बंद झाला असता, आणि दोन-चार वसंतांनी खुरांच्या ठशातली छोटीही गवताखाली गेली असती.

"तर धोका मोठा आहे असं धरू या ना?" अधिकाऱ्याने विचारलं.

"कुंपणाच्या आत, हो," बाई म्हणाल्या. "फार मोठा. आत ती जवळजवळ संपलीय. बाहेर, जिथे मेंढ्यांचे पाय पडतात तिथे, ती आत्ता बरी आहे. तेव्हा हे कुंपण वाढवू नका. हे आहे तेही काढायला हवं."

अधिकारी नकाशाकडे बघत राहिला. "पण हा प्रस्ताव तुमच्याच अहवालावर उभा आहे."

"हो, माझाच अहवाल. मेंढ्या तिला खातात हे मी पाहिलं होतं, ते खरं होतं. मेंढ्या गवतही खातात हे मी पाहिलं नाही. कुंपणाने तेव्हा तिला वाचवलं असेल, ही म्हणते तसं." त्यांनी माझ्याकडे मान वळवली, आणि मला कुठे बघावं कळेना. "पण त्यानंतर मी फक्त आतच बघत राहिले. बाहेर बघायला हवं होतं. ती चूक माझी."

त्यांचा आवाज जरासुद्धा बदलला नाही. चहा गार झालाय, हे सांगावं तसं सांगितलं. शाळेपासून मी हुशार माणसं खूप पाहिली होती. पण स्वतः उभं केलेलं काम स्वतःच्या हाताने असं टेबलावर आडवं ठेवताना मी कोणाला पाहिलं नव्हतं, आणि ते ठेवताना त्यांची मान खाली गेली नव्हती.

आम्ही सगळे मालकाकडे बघायला लागलो. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं.

"म्हणजे डॉक, माझ्या मेंढ्या आता सरकारी नोकरीत?"

"अर्धवेळ," बाई म्हणाल्या. "कणसं कडक झाली की त्या गवताला तोंड लावत नाहीत, आणि लोकरीतून बी घेऊन हिंडतात. त्याच्या आधी त्यांना इथून हलवावं लागेल."

"त्या सुमारास मी त्यांना वरच्या डोंगरावर नेतोच."

"थोडं आधी ने."

"बघू," मालक म्हणाला. त्याच्या तोंडी बघू म्हणजे हो, हे मला एव्हाना कळलं होतं.

अधिकाऱ्याने पेन उघडलं. "आणि दुष्काळी वर्ष आलं तर? गवत काय करील?"

"माहीत नाही."

"मी तसं लिहू? माहीत नाही?"

"तसंच लिहा. आणि पुढे लिहा की दरवर्षी बघावं लागेल."

आमच्याकडे पेपरात माहीत नाही असं कोणी लिहीत नाही. काहीतरी लिहून पान भरायचं, असंच आम्हाला शिकवलेलं. बाईंनी ते दोन शब्द इतक्या ठामपणे सांगितले की मला ते उत्तरच वाटलं.

*

निघायच्या दिवशी सकाळी कुंपण काढायला घेतलं. मालक पक्कड घेऊन आला, मी जाळी गुंडाळायला. अर्धं झाल्यावर बाई म्हणाल्या, "बस. उरलेलं अर्धं राहू दे. मध्ये जाळी टाकून बंद करू."

"का?" मालक म्हणाला. "कालच म्हणालीस चुकलं म्हणून."

"चुकलं असं मला वाटतं. दोन्ही बाजू शेजारी शेजारी असल्या की कळेल."

"मला वाटलंच होतं," मालक मला म्हणाला. "ही सगळी बाग सोडणाऱ्यातली नाही."

मग त्याने कुत्र्याला शीळ घातली. मेंढ्या कळपाने आल्या आणि जिथे कुंपण होतं त्या रेघेवर येऊन थबकल्या. तिथे आता काही नव्हतं, फक्त खांबांचे खड्डे. पलीकडे कोवळं गवत दिसत होतं. तरी एकही पुढे होईना. माना पुढे, पाय मागे. कुत्रा मागून रेटत होता. शेवटी एक मेंढी दोन पावलं मागे सरली आणि तिने उंच उडी मारली. नसलेल्या कुंपणावरून, पुरेपूर उंच. तिच्यामागून दुसरीने तिथेच तशीच उडी मारली. मग तिसरीने. पोटातलं ओझं सांभाळत एकामागून एक त्या हवेवरून उड्या मारत आत गेल्या.

मालक पक्कड हातात घेऊन हसत होता. बाई इतक्या हसल्या की त्यांना टोपीने डोळे पुसावे लागले. मला वाटतं त्यातलं सगळं हसू नव्हतं.

ऑकलंडला परत आल्यावर बाबांना फोन लावला. "झाला का तुझा गवताचा अभ्यास?" त्यांनी विचारलं.

"झाला. बाबा, तुम्ही म्हणाला होतात ना, नको आहे तर उपटायचं? तिथे मेंढ्या सोडल्या."

"मग! गुरं सोडली की गवताचं काय राहतंय," बाबा समाधानाने म्हणाले. आणि पुढे, "पण मग आधी का नव्हती सोडली?"

मी त्यांना कुंपणाची सगळी गोष्ट सांगितली. बाई बैठकीत काय म्हणाल्या तेही. "असं म्हणाल्या? सगळ्यांसमोर?" त्यांनी दोनदा विचारलं. कार्ड संपायच्या आत म्हणाले, "चांगल्या माणसाच्या हाताखाली होतीस."

पुढच्या वसंतात एका संध्याकाळी ताईने स्वयंपाकघरातून हाक मारली. "अगं, तुझ्या वाळवंटातल्या बाईंचा फोन!" मी धावत आले. घाईत हॅलोनंतर तोंडातून निघालं, "बाई, आल्या का?"

बाई म्हणजे काय ते त्यांनी विचारलं नाही. "आल्या," त्या म्हणाल्या. "मोकळ्या केलेल्या अर्ध्यात, खुरांच्या ठशांत. फार नाहीत, पण आहेत. ठेंगण्या आहेत, मजेत आहेत."

"आणि बंद अर्ध्यात?"

"गवत. आत्तापर्यंत तरी नुसतं गवत." त्यांचा आवाज खुशीत होता, तरी पुढे म्हणाल्याच, "एकच वर्ष झालंय. अजून माहीत नाही."

मी विचारलं, "मेंढ्या अजून तिथे उडी मारतात?"

"म्हाताऱ्या मारतात," बाई म्हणाल्या. "या वर्षीची कोकरं सरळ चालत जातात."